पॅलेडियमला चांदीचा लगाम

काळी नदीच्या खोऱ्यात, दांडेलीपासून जवळच, जोयडा तालुक्यातलं कुळगी हे जंगलानं वेढलेलं गाव आहे. वनखात्याच्या निसर्ग शिबिरामुळे ते पर्यटकांना माहीत असतं. रसायनांचा कारखाना तिथं नाही. पण हे गाव ज्या मुलखात येतं, त्या उत्तर कन्नड-गोवा-सिंधुदुर्गाच्या घाटपट्ट्यात भिरंडाची, म्हणजे रातांब्याची झाडं आहेत आणि या लेखाचा प्रश्न त्यांच्या बियांपासूनच सुरू होतो. फळाची साल आमसुलांना जाते. बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात आणि वर तरंगणारी चरबी काढून तिचे गोळे वळतात. गोव्यात हे भिरंडेल, कोकणात कोकम तेल. भेगाळलेल्या टाचांवरचा हा जुना इलाज वैशाखातल्या उकाड्यातही घट्ट राहतो. तो वितळायला ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या आसपासचं तापमान लागतं.

शेंगदाण्याचं तेल पातळ आणि कोकमाचं घट्ट, असं का? दोन्ही तेलांचे रेणू एकाच घडणीचे असतात: ग्लिसरॉलला जोडलेल्या कार्बनच्या तीन लांब साखळ्या. फरक साखळीतल्या दुहेरी बंधांचा. दुहेरी बंध असला की साखळी तिथं वाकते, वाकड्या साखळ्या एकमेकींना चिकटून रचल्या जात नाहीत आणि तेल पातळ राहतं. दुहेरी बंध नसलेली स्टिअरिक आम्लाची साखळी सरळ असते, ती नीट रचली जाते. वनस्पती आधी सरळ साखळ्याच तयार करते आणि मग तिच्यातलं एक विकर त्यांतून हायड्रोजन काढून घेऊन दुहेरी बंध घालतं. कोकमाच्या बीमध्ये निम्म्याहून जास्त साखळ्या या पायरीआधीच बाजूला काढल्या जातात. म्हणून कोकम तेलाच्या रेणूत बहुतेक वेळा दोन टोकांना स्टिअरिक आणि मध्ये एक दुहेरी बंध असलेलं ओलेइक, अशी रचना सापडते. झाड कुठं थांबायचं ते जाणतं, आणि बरोबर तिथंच थांबतं.

माणसानं हाच प्रवास उलट्या दिशेनं केला. पातळ तेलात हायड्रोजन घालून त्याला घट्ट केलं. त्यासाठी धातूचा उत्प्रेरक लागला. फ्रान्समध्ये तुलूज इथं पॉल साबातिए आणि सांदेरां यांनी १८९७ मध्ये इथिलीन आणि हायड्रोजन हे दोन वायू बारीक निकेलवरून सोडले आणि त्यांचं इथेन झालं. इथिलीन म्हणजे दुहेरी बंध असलेल्या हायड्रोकार्बनांपैकी सगळ्यात लहान: दोन कार्बन आणि त्यांच्यामध्ये एक दुहेरी बंध. साबातिए यांना १९१२ चं नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधीच, १९०२ मध्ये, जर्मनीतल्या विल्हेल्म नॉर्मान यांनी वायूंची ही क्रिया द्रव तेलांना लावून पेटंट घेतलं होतं. मुंबईत शिवडीला हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनीच्या कारखान्यात १९३२ पासून वनस्पती तूप बनू लागलं आणि १९३७ मध्ये त्याला डालडा हे नाव मिळालं. पिवळ्या डब्यावरचं हिरवं ताडाचं झाड महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांनी पाहिलं आहे. तूप संपल्यावर त्याच डब्यात तुळस लागायची किंवा पोह्यांची साठवण व्हायची.

साजूक तुपात डालड्याची भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पती तुपात रंग घालण्याचा बराच विचार झाला, पण योग्य रंग सापडला नाही. शेवटी त्यात ५ टक्के तिळाचं तेल मिसळणं सक्तीचं झालं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्युरल घातलं की तिळाच्या तेलामुळे लाल रंग येतो आणि भेसळ उघडी पडते. हा उपाय मला फार समंजस वाटतो.

दुहेरी बंध असलेले रेणू, मग ते इथिलीनसारखे वायू असोत की तेलातल्या साखळ्या, धातूच्या पृष्ठभागावर एकाच रीतीनं वागतात. हायड्रोजनचा रेणू धातूला स्पर्श करताच त्याचे दोन अणू सुटे होतात. दुहेरी बंधही धातूला चिकटतो. मग हायड्रोजनचा एक अणू त्याला मिळतो, त्यानंतर दुसरा. दोन्ही एकदम जोडले जात नाहीत, ही गोष्ट होरिउती आणि पोलानी यांनी १९३४ मध्ये मांडली आणि तिच्यामुळे बरंच काही उलगडलं. पहिला अणू जोडला गेल्यावर रेणू अर्धवट अवस्थेत असतो. इथून तो दुसरा अणू घेऊन पुढं जाऊ शकतो, किंवा एक अणू सोडून मागं फिरू शकतो. मागं फिरताना दुहेरी बंध पुन्हा तयार होतो, पण साखळी तोवर फिरलेली असू शकते. निसर्गातल्या वाकड्या सिस् रचनेऐवजी ती जवळजवळ सरळ अशा ट्रान्स रचनेत परतते.

वनस्पती तुपातला ट्रान्स फॅट असा जन्माला येतो. वाकडं ओलेइक आम्ल १३ अंशांच्या आसपास वितळतं, त्याचंच ट्रान्स रूप ४४ अंशांच्या आसपास आणि पूर्ण हायड्रोजन भरलेलं स्टिअरिक ६९ अंशांच्या आसपास. तेलाला लोण्यासारखा मऊपणा हवा असेल तर कारखानदाराला क्रिया अर्ध्यावर थांबवावी लागते, आणि अर्ध्यावर थांबलेल्या तेलात मागं फिरलेले रेणू भरपूर असतात. मऊपणात मोठा वाटा या ट्रान्स साखळ्यांचाच असतो. डच संशोधक मेन्सिंक आणि कातान यांनी १९९० मध्ये दाखवून दिलं की ट्रान्स फॅट रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवतं आणि चांगलं कमी करतं. भारतात खाद्यतेलं आणि वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२१ पासून ३ टक्क्यांची आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आली. तेलात पुरता हायड्रोजन भरला तर ट्रान्स उरत नाही, कारण दुहेरी बंधच उरत नाहीत. दोष आहे तो अर्ध्यावर थांबण्याच्या रीतीत.

निकेलची ही रीत कशी होती? तापमान, दाब, ढवळणं आणि वेळ यांवर नजर ठेवून माणूस हायड्रोजन बंद करायचा. बाहेरून लावलेला हा थांबा होता. निकेलला स्वतःला सगळे दुहेरी बंध संपवायचेच असतात. तीन दुहेरी बंधांची साखळी आधी आणि एकाची शेवटी, एवढी निवड तो करतो, पण ती फारशी काटेकोर नसते. इथं दुसऱ्या धातूची गोष्ट सुरू होते. उत्प्रेरकात थोडासा परका धातू, म्हणजे जोडधातू, मिसळला तर तो थांबा धातूच्या आतच बसवता येतो.

तेलांच्या धंद्यात तांब्याचा प्रयोग झाला. निकेल फॉर्मेट तेलात तापवून उत्प्रेरक बनवायचा तर २४० अंशांच्या पुढं जावं लागतं. त्यात तांबं असेल तर हे काम बऱ्याच कमी तापमानाला होतं. पण तांब्याचा खरा गुण वेगळा आहे. सोयाबीनच्या तेलात लिनोलेनिक आम्लाच्या साखळ्या साधारण ७-८ टक्के असतात. त्यांत तीन दुहेरी बंध असल्यामुळे त्या हवेनं लवकर खराब होतात आणि तेलाला वास येऊ लागतो. अमेरिकेतल्या पिओरियाच्या कृषी प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात तांबं-क्रोमियमच्या उत्प्रेरकांवर पुष्कळ काम झालं. हे उत्प्रेरक लिनोलेनिक आम्ल टिपून काढायचे आणि आरोग्याला हवं असलेलं लिनोलेइक बऱ्याच अंशी शिल्लक ठेवायचे. इतकी निवड निकेलला जमत नव्हती. तरीही तांबं मागं पडलं, कारण गाळल्यानंतर तेलात उरलेला तांब्याचा अगदी सूक्ष्म अंशसुद्धा तेल खवट होण्याची गती वाढवतो. लातूरच्या बाजारातल्या सोयाबीनला उपयोगी पडू शकणारा एक सुंदर शोध त्याच्याच उरलेल्या कणांमुळे अडला. उत्प्रेरक प्रयोगशाळेत कितीही चांगला ठरला तरी तो शेवटी डब्यातल्या मालात कुठं जातो, हे पाहावंच लागतं.

दुसऱ्या धातूनं खरं राज्य गाजवलं ते पेट्रोरसायनांत. ट्रॉम्बेला १९६६ मध्ये युनियन कार्बाइडचा भारतातला पहिला नाफ्था क्रॅकर सुरू झाला, ठाणे-बेलापूर पट्ट्यात १९६८ मध्ये नोसिलचा. पुढं रायगड जिल्ह्यात नागोठण्याला आयपीसीएलनं वायूवर चालणारा क्रॅकर उभारला. आज तो रिलायन्सकडे आहे. क्रॅकरमध्ये नाफ्था किंवा इथेन-प्रोपेन ८०० अंशांच्या वर तापवून तोडतात आणि इथिलीन मिळवतात. इथिलीनपासून पॉलिथीन होतं: दुधाच्या पिशव्या, पाण्याच्या टाक्या, द्राक्षबागेतल्या ठिबकच्या नळ्या.

अडचण अशी की तोडफोडीत इथिलीनबरोबर थोडं अॅसिटिलीनही तयार होतं, साधारण अर्धा ते दोन टक्के. अॅसिटिलीनमध्ये तिहेरी बंध असतो. पॉलिथीन बनवणाऱ्या उत्प्रेरकाला हा वायू विषासारखा आहे. त्याचं प्रमाण दहा लाखांत काही थोड्या भागांपर्यंत खाली आणावं लागतं. उपाय म्हणजे अॅसिटिलीनला हायड्रोजन देऊन त्याचंच इथिलीन करायचं. पण भोवताली अॅसिटिलीनच्या कितीतरी पट इथिलीन आहे आणि तेही हायड्रोजन घ्यायला तयार आहे. तसं झालं तर विकायचा माल इथेन होऊन वाया जातो आणि दर मोलमागं १३७ किलोज्यूल उष्णता सुटते. ही क्रिया आवरली नाही तर उत्प्रेरकाचा सगळा थर भडकत जातो. क्रॅकर चालवणाऱ्या अभियंत्यांना याची धास्ती असते आणि ती रास्त आहे.

या कामाला पॅलेडियम वापरतात. अॅल्युमिनाच्या गोळ्यांवर, वजनाच्या हजारात एक भाग किंवा त्याहूनही कमी. अॅसिटिलीन पॅलेडियमला इथिलीनपेक्षा घट्ट चिकटतं. त्यामुळे जोवर पुरेसं अॅसिटिलीन आहे तोवर इथिलीनला जागाच मिळत नाही. इथवर सगळं ठीक. अडचण शेवटी येते. वायू थरातून पुढं सरकतो, अॅसिटिलीन संपत येतं, पृष्ठभाग मोकळा होतो आणि इथिलीन आत शिरतं. दुसरा त्रास म्हणजे शेजारी-शेजारी बसलेले अॅसिटिलीनचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन तेलकट पदार्थ बनतो. कारखान्यात त्याला ग्रीन ऑइल म्हणतात. तो उत्प्रेरकावर साचतो आणि त्याचं आयुष्य घटवतो. तिसरा त्रास पॅलेडियमच्या पोटात आहे. हा धातू आपल्या आकारमानाच्या शेकडो पट हायड्रोजन शोषून घेतो. आतून वर येणारा हा हायड्रोजन समोर जे मिळेल त्याला भिडतो, निवड करत नाही.

तिन्ही दुखण्यांवर चांदी चालते. एकटी चांदी या कामाला जवळजवळ निरुपयोगी, कारण हायड्रोजनचा रेणू तिला सहज तोडता येत नाही. पण पॅलेडियमच्या अणूंमध्ये चांदीचे अणू शिरले की पॅलेडियमचे मोठे गट फुटतात. पंगतीत दोन बडबड्यांच्या मध्ये एक अबोल माणूस बसवला की गप्पा थांबतात, तसे अॅसिटिलीनचे शेजारी रेणू एकमेकांपासून दूर होतात आणि ग्रीन ऑइल कमी होतं. चांदीच्या संगतीनं पॅलेडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणीही बदलते आणि इथिलीनची पकड सैल होते. तिहेरी बंधाचा दुहेरी झाला की रेणू पुढचा हायड्रोजन घेण्याआधीच पृष्ठभाग सोडून निघून जातो. शिवाय चांदी मिसळलेल्या पॅलेडियममध्ये हायड्रोजन पूर्वीसारखा मुरत नाही.

या सगळ्याची किंमत मोजावी लागते. उत्प्रेरक मंद होतो आणि तापमान थोडं वाढवावं लागतं. पण मंद उत्प्रेरक इथं चांगला ठरतो, आणि हीच गोष्ट माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. चांदी किती घालायची याचंही माप आहे. फार कमी पडली तर लगाम लागत नाही, फार झाली तर पॅलेडियम झाकलं जाऊन काम थांबतं. त्यात आणखी एक गुंता असतो. चांदीला पृष्ठभागावर येऊन बसायला आवडतं, तर अॅसिटिलीन किंवा कार्बन मोनॉक्साइड यांच्या ओढीनं पॅलेडियम वर येतं. त्यामुळे कारखान्यात भरलेल्या उत्प्रेरकाचा पृष्ठभाग आणि क्रिया चालू असतानाचा पृष्ठभाग एकसारखा नसतो. कारखान्यात वायूच्या प्रवाहात दहा लाखांत थोडे भाग कार्बन मोनॉक्साइडही ठेवतात. तोही पॅलेडियमच्या जागा अडवून चांदीला साथ देतो.

हाच विचार औषधांच्या रसायनशास्त्रात आधीच आला होता. स्वित्झर्लंडमध्ये बाझेलच्या होफमान-ला रोश कंपनीतले हर्बर्ट लिंडलार यांनी १९५२ मध्ये कॅल्शियम कार्बोनेटवर पॅलेडियम बसवलं आणि त्याला मुद्दाम शिशाची बाधा केली. जोडीला क्विनोलिन घातलं. या उत्प्रेरकावर तिहेरी बंध दुहेरीपाशी थांबतो, आणि तोही सिस् रचनेचा. जीवनसत्त्व अ कारखान्यात बनवताना ही पायरी लागत होती. वनस्पती तुपात जीवनसत्त्व अ मिसळणं भारतात सक्तीचं होतं, हे लक्षात घेतलं तर चित्र मोठं विलक्षण दिसतं. डालड्याच्या घट्टपणामागं आतून लगाम नसलेला निकेल, आणि त्याच डब्यातल्या जीवनसत्त्वामागं शिशानं आवरलेल्या पॅलेडियमचं रसायन. एका डब्यात दोन्ही टोकं!

शिसं विषारी, म्हणून त्याच्यावाचून काम होईल का, हा प्रश्न पुढं अनेकांनी हाताळला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रघुनाथ चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्युटाइनडायॉलपासून ब्युटीनडायॉल बनवण्याची क्रिया बारकाईनं अभ्यासली. यातही तिहेरी बंध दुहेरीवर आणून थांबायचं असतं. तयार झालेला पदार्थ जीवनसत्त्व ब६ बनवताना लागतो. या कामासाठी आधीच्या पेटंटांत जस्त, कॅडमियम, शिसं अशा धातूंची मिश्रणं होती. पुण्यात कॅल्शियम कार्बोनेटवर बसवलेल्या नुसत्या प्लॅटिनमनं जवळजवळ सगळा माल दुहेरी बंधावर थांबवून दाखवला. जोडधातू म्हणजे एकमेव मार्ग नाही. धातू ज्या आधारावर बसतो तो आधारही थांबा लावू शकतो. पाषाण रस्त्यावरच्या त्या प्रयोगशाळेचं हे काम मराठीत जितकं सांगितलं जायला हवं होतं तितकं सांगितलं गेलं नाही, असं मला मनापासून वाटतं.

आता शोध आहे तो पॅलेडियमच टाळण्याचा किंवा कमीत कमी वापरण्याचा. ते महाग आहे आणि जगात मोजक्या देशांतून येतं. डेन्मार्कमधल्या न्योर्स्कोव्ह यांच्या गटानं २००८ मध्ये संगणकावर धातूंच्या जोड्या तपासल्या. अॅसिटिलीन आणि इथिलीन प्रत्येक जोडीला किती घट्ट चिकटतात याचं गणित मांडून त्यांनी निकेल आणि जस्त ही स्वस्त जोडी सुचवली आणि ती प्रयोगानं पडताळली. आपल्या वनस्पती तुपाचा तोच निकेल जस्ताच्या संगतीत इतका शहाणा होतो! अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठातल्या चार्ल्स साइक्स यांच्या गटानं २०१२ मध्ये तांब्याच्या पृष्ठभागावर पॅलेडियमचे एकेकटे अणू विखरून दाखवले. हायड्रोजन तोडायचं काम तो एकटा अणू करतो आणि पुढची क्रिया भोवतालच्या तांब्यावर हळुवार होते. मुख्य धातू आणि जोडधातू यांची अदलाबदलच इथं झाली आहे.

महाराष्ट्रात दहावीच्या विज्ञानात कार्बनी संयुगांच्या धड्यात वनस्पती तेलापासून निकेलच्या साहाय्यानं वनस्पती तूप होतं, ही क्रिया आहे. उत्प्रेरक क्रियेचा वेग वाढवतो, हेही मुलं शिकतात आणि परीक्षेत लिहितात. शिक्षकांना माझी विनंती आहे की तिथं पाच मिनिटं थांबून दोन गोष्टी जरूर सांगाव्यात: निकेलवर अर्ध्यात थांबवलेल्या क्रियेतून ट्रान्स फॅट येतो, आणि दुधाच्या पिशवीचं पॉलिथीन बनतं ते चांदीनं पॅलेडियमला मुद्दाम मंद केल्यामुळे. मुलांना घरच्या बिस्किटांच्या आणि खारीच्या पाकिटांवरचा मजकूरही वाचायला सांगावा. तिथं हायड्रोजनीकृत वनस्पती चरबी आणि ट्रान्स फॅटचं प्रमाण छापलेलं असतं.